शेवंतीचा उजवा मागचा पाय

शेवंती या घोडीबद्दलची तक्रार एवढीच होती, की ती डावीकडे वळत नाही. तिच्यावर बसणारी मुलगी सोळा वर्षांची आहे. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताच्या ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमकेपणाने करून घेण्याचा प्रकार) संघाने सुवर्ण मिळवलं, घोडेस्वारीत तब्बल ४१ वर्षांनी. तेव्हापासून घोडेस्वारी शिकायला आमच्याकडे येणाऱ्या मुलांना उड्यांइतकीच ड्रेसाजची ओढ लागली आहे आणि त्यातही तिरक्या चालींची. घोडा पुढे जाता जाता बाजूला सरकतो, पाय एकमेकांवरून कात्रीसारखे जातात, ते बघून कुणालाही वाटतं की आपल्यालाही हे यावं. ही मुलगी वर्षभर त्याच मागे होती. "ताई, उजवीकडे लोण्यासारखी जाते. डावीकडे म्हटलं की लगामावर ओझं टाकून उभी राहते," असं ती म्हणायची, आणि बाहेरून बघणाऱ्यालाही अगदी तसंच दिसायचं. मलाही तसंच दिसलं होतं.

शेवंती कुमाईत रंगाची थरोब्रेड घोडी, वय ८, उंची पंधरा हात तीन इंच (घोड्याचा हात चार इंचांचा). पाचव्या वर्षापर्यंत ती शर्यतीत होती: हिवाळ्यात मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स, पावसाळ्यात पुणे. महालक्ष्मीला घोडे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे कायम उजव्या वळणावर पळतात. तिच्या वाकडेपणाचं सगळं खापर मी त्यावर फोडणार नाही. माणूस जसा डावखुरा किंवा उजवा असतो, तसा प्रत्येक घोडा एका बाजूला थोडा पोकळ आणि दुसऱ्या बाजूला ताठ असतोच. पण शर्यतीतल्या त्या वर्षांनी तिचा मूळचा कल मोडला नाही, उलट पक्का केला असणार.

सप्टेंबरच्या शेवटी ती खरारा करताना पाठ चोरू लागली. खोगिराच्या मागच्या भागाखाली हात ठेवला की कातडी थरथरायची, आणि डावीकडे जास्त. घोड्यांच्या डॉक्टरांनी तिला कडक जमिनीवर दुडकीने पळवून पाहिलं, चारही पाय एकेक करून दुमडून धरले आणि सोडल्यावर लगेच पळवलं, खूर चिमट्याने दाबून पाहिले. लंगड नव्हती. दुखत होते पाठीचे स्नायू. खोगीर तिला अरुंद पडत होतं आणि वर ते डावीकडे कलायचं. ते ज्यांनी बसवून दिलं होतं त्यांच्याशी बोलणं झालं, तो विषय वेगळा. आठ आठवडे पाठीवर काही नाही असं ठरलं. पण घोडी नुसती पागेत बांधून ठेवायची नाही, चालवायची, असंही डॉक्टरांनी बजावलं.

एका दोरीवर गोल फिरवणं मला नको होतं. एका दोरीवर वाकडा घोडा वाकडाच फिरतो, फक्त जास्त वेगाने. म्हणून लांब लगाम घेतले. दोन दोऱ्या, दोन्ही बाजूंनी, आणि माणूस मागे चालणारा. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये पांढरे लिपिझ्झानर घोडे अशाच लगामांवर, पाठीवर स्वार नसताना, तिरक्या चाली करतात. तिथे माणूस घोड्याच्या पुठ्ठ्याला, म्हणजे मागच्या भागाला, जवळजवळ चिकटून चालतो. आमचं ध्येय तेवढं मोठं नव्हतं. शेवंतीची पाठ मोकळी ठेवून तिला सरळ करायचं होतं.

पहिले चार आठवडे

सामान साधं होतं. सुती पट्ट्यांच्या दोन दोऱ्या, प्रत्येकी आठ मीटर. नायलॉनची दोरी हातातून सुटली तर तळवा सोलून काढते, म्हणून ती नाही. कड्या असलेला रोलर, म्हणजे पाठ-छातीभोवती आवळायचा पट्टा, त्याखाली जाड नमदा, तोही दुखऱ्या जागेच्या पुढे आणि सैलसर आवळलेला. तोंडात बिट (लगामाची धातूची दांडी) नाही, नाकावर कॅव्हेसन, म्हणजे कड्या असलेली नाकपट्टी. हातमोजे, हेल्मेट, बंद बूट. दोरीचा उरलेला भाग घड्या घालून हातात धरायचा, मनगटाला वेढा कधीही द्यायचा नाही. हा नियम मी प्रत्येक नव्या माणसाकडून तीनदा म्हणून घेते.

पहिले चार दिवस लगाम लावलेच नाहीत. नाना तिला म्होरकीला धरून उभे राहायचे आणि मी दोरी तिच्या पाठीवरून, पुठ्ठ्यावरून, मागच्या पायांवरून फिरवायची. नाना आमचे मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, बारामतीकडचे धनगर. लहानपणी मेंढरांच्या वाड्याबरोबर सामान लादलेल्या घोड्यांमागून मैलोनमैल चाललेले. घोड्याच्या मागे चालणं त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही, उलट मीच त्यांच्याकडून काही गोष्टी घेतल्या. शेवंतीला शेपटीखाली दोरी गेलेली अजिबात खपत नव्हती. शेपटी घट्ट दाबून धरायची आणि पुढे उसळी घ्यायची. अशा वेळी दोरी ओढली की घोडी आणखी घट्ट धरते. दोरी सैल सोडून द्यायची, घोडीला चार पावलं पुढे चालू द्यायचं, शेपटी आपोआप उचलते. तिसऱ्या दिवशी तिला ते पटलं.

दुसऱ्या आठवड्यात बांधावरच्या वाटेवर सरळ चालणं, थांबणं, पुन्हा निघणं. मग वीस बाय चाळीस मीटरच्या मैदानात मोठी वळणं. थांबण्यासाठी "हो", निघण्यासाठी "चल". हे सगळं तिने झटपट उचललं. या टप्प्यावर घाई करू नये असं सगळेच सांगतात आणि सगळेच घाई करतात. मी इथे केली नाही, पुढच्या टप्प्यावर केली.

तिसऱ्या आठवड्यात लेग-यील्ड सुरू केलं. तिरक्या चालींपैकी ही सगळ्यात सोपी: घोडा जवळपास सरळ, मान जाण्याच्या दिशेच्या उलट बाजूला किंचित वळलेली, आणि चाल पुढे व बाजूला. उजवीकडे वळून डावीकडे सरकायला सांगितलं तर शेवंती अशी सरकली की मुलगी कुंपणावर बसून टाळ्या वाजवू लागली. पाय सुंदर ओलांडत होते. उलट बाजूला, म्हणजे डावीकडे वळून उजवीकडे जायला सांगितलं की ती अडायची. डावा खांदा जमिनीत रुतल्यासारखा, डाव्या दोरीवर सगळा भार, शेपूट फिरती.

मी जे केलं ते बहुतेक शिकवणाऱ्यांनी केलं असतं. चांगली बाजू सोडून दिली आणि वाईट बाजूवर दोन आठवडे घासत राहिले. रोज डावीकडून दहा-बारा वेळा. रोज थोडी जास्त दोरी, थोडा जास्त आवाज. चौथ्या आठवड्याच्या शेवटी ती उजव्या मागच्या पायाने लाथ हाणून मोकळी झाली. मी तिच्यापासून दीड मीटरवर होते, म्हणजे नेमकी जिथे उभं राहू नये तिथे. पुठ्ठ्याला चिकटून चाललं तर लाथेला जोर घ्यायला जागा मिळत नाही. चांगलं तीन मीटर लांब राहिलं तर ती पोचत नाही. मधलं अंतर सगळ्यात धोक्याचं. लाथ मांडीला ओझरती लागली, पंधरा दिवस निळं दिसत होतं. घोडीचा दोष त्यात तसूभर नाही. ती दोन आठवडे शेपटीने आणि कानांनी सांगत होती, आणि मी ऐकत नव्हते.

वाळूवरचे ठसे

दुसऱ्या दिवशी काम केलं नाही. आदल्या रात्री परतीचा पाऊस पडून गेला होता, वाळू ओली आणि घट्ट होती, आणि नानांनी पहाटे दंताळ्याने मैदान ओढून ठेवलं होतं. मी शेवंतीला फक्त मैदानाच्या मधून सरळ चालत नेलं, एकदा जाताना, एकदा येताना, दोऱ्या पूर्ण सैल. मग तिला नानांकडे दिलं. ते तिला फिरवत राहिले, मी ठसे बघत बसले.

नाना फिरता फिरता म्हणाले, "ताई, डावीकडचं सोडा. हिचा उजवा मागचा पाय बघा की. वाटंच्या भायेर पडतोय."

ते खरंच होतं. डाव्या मागच्या खुराचा ठसा डाव्या पुढच्या खुराच्या रेषेतच, जवळपास त्याच्यावर पडत होता. उजव्या मागच्या खुराचा ठसा मात्र उजव्या पुढच्या खुराच्या बाहेर, चांगली चार बोटं उजवीकडे. एकदा नाही, ओळीने तेवीस पावलांत एकोणीस वेळा. जाताना तसंच, येताना तसंच, त्यामुळे जमिनीचा उतार वगैरे कारण उरलं नाही.

घोड्याचं साधारण साठ टक्के वजन उभं असताना पुढच्या पायांवर असतं. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. त्याची छाती दोन पुढच्या पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते, आणि ती झोळी डावीकडे किंवा उजवीकडे झुकू शकते. मागचा पाय धडाच्या खाली, वजनाच्या रेषेत पडला तर तो ओझं उचलतो. बाहेर पडला तर तो फक्त ढकलतो, आणि ढकलतो तिरकं. शेवंतीचा उजवा मागचा पाय बाहेर पडून तिला पुढे आणि डावीकडे ढकलत होता. ते सगळं ढकलणं येऊन थांबत होतं डाव्या खांद्यावर. डाव्या दोरीवरचा भार तिथून येत होता. डावीकडे वळण्याला तिचा विरोध नव्हता. डावा खांदा आधीच इतका लादलेला होता की तो उचलून वळणं तिला जमत नव्हतं.

आणि ती सुंदर "चांगली बाजू"? उजवीकडे वळून डावीकडे सरकताना ती सरकत नव्हतीच. ती डाव्या खांद्यावर कोसळत होती आणि पडू नये म्हणून पाय ओलांडत होती. खोगिरात बसलेल्या माणसाला हे दिसणं जवळजवळ अशक्य. त्याला लागतो लगामातला भार, आणि भार डावीकडे आहे म्हणून तो डावीकडे काम करतो. खोगीर डावीकडे का कलत होतं, डावी पाठ जास्त का दुखत होती, हेही त्या सकाळी माझ्या डोक्यात एका रेषेत आलं. मागे चालणाऱ्याला मागचे पाय दिसतात, स्वाराला दिसत नाहीत. लांब लगामांचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं मोल तेच आहे. पण चार आठवडे मी मागे चालत असूनही मानेकडे आणि खांद्याकडेच बघत होते.

दोरी कुठून गेली

आता करायचं ते स्पष्ट होतं. उजव्या हाताला, म्हणजे "सोप्या" बाजूला, शोल्डर-इन.

ही चाल अठराव्या शतकात फ्रेंच अश्वशिक्षक फ्रांस्वा रोबिशॉं द ला गेरिनिएर यांनी आजच्या रूपात बसवली. त्याआधी इंग्लंडचे ड्यूक ऑफ न्यूकॅसल असंच काही वर्तुळावर करून घेत. गेरिनिएर यांनी ते सरळ भिंतीकडेने आणलं. घोडा भिंतीलगत चालतो, पण त्याचे खांदे मैदानाच्या आत आणलेले असतात, शरीर आतल्या बाजूला हलकं वाकलेलं, आणि तो वाकलेल्या बाजूच्या उलट दिशेने पुढे जातो. समोरून बघितलं तर पायांच्या तीन रेषा दिसतात: बाहेरचा मागचा पाय एका रेषेत, आतला मागचा आणि बाहेरचा पुढचा एका रेषेत, आतला पुढचा तिसऱ्या रेषेत. कोन साधारण तीस अंशांचा. त्याच्या निम्म्या कोनाला शोल्डर-फोर म्हणतात. सगळं गणित आतल्या मागच्या पायाचं असतं. तो शरीराच्या खाली येऊन वजन घेतो, आणि हेच शेवंतीचा उजवा मागचा पाय टाळत होता.

लेग-यील्डमध्ये घोड्याला बाजूला पळून जाता येतं. शोल्डर-इनमध्ये, नीट करून घेतलं तर, पळायला जागा नसते.

पाचव्या आठवड्यात मी उजव्या हाताला, भिंत डावीकडे ठेवून, शोल्डर-फोर मागायला सुरुवात केली आणि दोन दिवस काहीच जमेना. खांदे आत आणायला जावं तो पुठ्ठाही आत यायचा. घोडी आख्खीच्या आख्खी भिंतीपासून सुटायची. तिसऱ्या दिवशी मी थांबले, दोऱ्या जशा होत्या तशा ठेवून तिच्याभोवती एक फेरी मारली आणि चूक हाताला लागली.

बाहेरची दोरी, म्हणजे डावी, मी पुस्तकी पद्धतीने पुठ्ठ्यामागून, मागच्या गुडघ्यांच्या वरून घेतली होती. बहुतेक कामात ती तिथूनच घेतात, कारण ती पुठ्ठ्याला बाहेर फेकला जाऊ देत नाही. पण शेवंतीचा पुठ्ठा उजव्या हाताला बाहेर जातच नव्हता. तो आधीच आत येत होता, आणि माझी दोरी मागून त्याला आणखी आत ढकलत होती. तिने जे करू नये असं मी तोंडाने सांगत होते, तेच माझी दोरी तिला करायला लावत होती.

डावी दोरी मागून काढून पाठीवरून घेतली. रोलरच्या वरच्या कडीतून, पाठीवरून माझ्या हातात. उजवी दोरी सरळ, उजव्या कुशीला टेकलेली. मी उजव्या पुठ्ठ्याशी, हात लागेल इतकी जवळ. आणि इशारा नवा शिकवलाच नाही. नाना रोज सकाळी थाणावर शेण काढताना तिच्या पुठ्ठ्यावर तळवा ठेवून "सर" म्हणत, आणि ती मुकाट्याने एक पाऊल बाजूला होत असे. तीन वर्षं रोज दोनदा. हे तिला येतच होतं. मी तोच तळवा, तोच शब्द वापरला. उजवा मागचा पाय जमिनीवरून सुटत असताना बोटांनी पुठ्ठ्याला स्पर्श आणि "सर". पाय उचलल्यावर सांगायचं, टेकल्यावर सांगून उपयोग नाही. वजन असलेला पाय घोड्याला हलवता येत नाही.

पहिल्या दिवशी तीन पावलं आली. तिसऱ्या पावलाला तिने कान सैल सोडले आणि चघळल्यासारखा जबडा हलवला. मी दोऱ्या सोडल्या, सरळ चालवलं, काम बंद. इतक्या थोड्यावर थांबायचं म्हणजे मुलीला फार जड गेलं, ती कुंपणावरून म्हणाली, "अजून एकदा, ताई!" पण त्या दिवशीचं सगळं काम त्या तीन पावलांत झालं होतं.

पुढचे दोन आठवडे हेच. एकूण वेळ पंचवीस मिनिटं, त्यातली दहा नुसती चालण्याची, आणि तिरकी पावलं सगळी मिळून चाळीसच्या आत. चार-पाच पावलं, मग सरळ, मग एक थांबा. रोज शेवटी ओल्या वाळूवर एक सरळ फेरी आणि बोटांनी मोजणी. वाळू सुकी असेल तर नाना झारीने एक पट्टा भिजवून ठेवत. चार बोटांची तीन झाली, तीनची दोन, मग एका आठवड्यात पुन्हा तीन.

ते पुन्हा वाढणं माझ्यामुळे होतं. नानांनीच दाखवलं. घोडी मंदावली की मी नकळत पुठ्ठ्याच्या पुढे, तंगाच्या जागेपर्यंत जात होते. माणूस तिथे आला की घोड्याचे खांदे त्याच्यापासून लांब जातात, म्हणजे इथे डावीकडे, म्हणजे पुन्हा डाव्या खांद्यावर. मी शरीराने कोसळवत होते आणि दोरीने सावरत होते. मग मुलीला माझ्या मागे चालायला लावलं. मी घोडीच्या कमरेच्या पुढे गेले की तिने "मागे" म्हणायचं. पहिल्या दिवशी तिने अकरा वेळा म्हटलं. या कामात माणसाचे पाय कुठे पडतात हे घोड्याच्या पायांइतकंच मोजावं लागतं, आणि ते मोजायला दुसरं माणूस लागतं.

डावी बाजू

सातव्या आठवड्यात तीन आठवड्यांनी पहिल्यांदा डावीकडे गेलो. मी मुद्दाम आधी नुसतं वळण मागितलं, पंधरा मीटरचं, तिरकं काही नाही. डाव्या दोरीत जे ओझं मला अपेक्षित होतं ते आलं नाही. दोरी हलकी होती. शेवंती वळली. नानांनी मान हलवली आणि काही बोलले नाहीत. मला मात्र गळ्यात आवंढा आला हे सांगायला हरकत नाही.

डाव्या हाताला दोऱ्यांची मांडणी बदलावी लागली, आणि ही गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे, कारण दोन्ही बाजूंना सारखं करायचं असं आपण गृहीत धरतो. डाव्या हाताला भिंत उजवीकडे. इथे तिचा उजवा पुठ्ठा भिंतीकडे, बाहेर, पळायला बघतो. म्हणून इथे बाहेरची दोरी मागून, पुठ्ठ्याभोवती हवीच. उजव्या हाताला जी दोरी बिघडवत होती तीच डाव्या हाताला घडवते. एकाच घोडीवर एकाच दिवशी उजवीकडे पाठीवरून आणि डावीकडे मागून, अशा दोन मांडण्या. दरवेळी दोऱ्या बदलायला दोन-तीन मिनिटं जातात. ती तिच्या विश्रांतीची समजली.

डावीकडे शोल्डर-इन आधी फक्त चार पावलं. मग आठव्या आठवड्यात ट्रॅव्हर्स, तेही डावीकडेच. यात खांदे भिंतीलगत राहतात आणि पुठ्ठा आत येतो, घोडा वाकतो जाण्याच्याच दिशेला. डावीकडच्या ट्रॅव्हर्समध्ये बाहेरचा मागचा पाय म्हणजे उजवा, आणि त्याला शरीराखाली ओलांडून यावं लागतं. म्हणजे फिरून पुन्हा तोच पाय. मागून आलेली दोरी तिला इथे आपोआप समजली. उजवीकडचं ट्रॅव्हर्स मी अजून केलेलं नाही. पुठ्ठा आत आणायची तिला सवयच आहे, तिथे तिला शाबासकी द्यायची तर तो वाकडेपणा पुन्हा बक्षीस घेऊन जाईल. हाफ-पास, म्हणजे मैदानाच्या कर्णावर केलेलं ट्रॅव्हर्सच, मुलीच्या आग्रहाखातर डावीकडे दोनदा करून बघितलं. पाच पावलं आली. पाचवं जरा घाईचं होतं, पण चार खरी होती.

खोगीर परत

नवव्या आठवड्याच्या सुरुवातीला डॉक्टर आले. पाठीला हात लावू दिला, कातडी थरथरली नाही. पहिल्या आठवड्यात मी मऊ तार मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्याच्या मागे पाठीवर दाबून तिचा आकार कागदावर काढून ठेवला होता. डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर खोल होती. आता पुन्हा तार दाबली तर फरक अर्ध्या बोटावर होता. पुरता गेला नव्हता. नवीन खोगीर मोठ्या घळीचं, म्हणजे मधली पोकळी रुंद असलेलं, घेतलं आणि डावीकडे पातळ पॅड घातलं. पुढच्या वेळी तार दाबल्यावर ते बहुधा काढावं लागेल.

पहिल्या दिवशी मुलगी वर बसली, हातात काही न घेता. दोऱ्या माझ्याकडेच, कॅव्हेसनला लावलेल्या, मी पुठ्ठ्याशी. तिने फक्त बसायचं आणि कुठला मागचा पाय कधी येतो ते तोंडाने सांगायचं. उजवा, डावा, उजवा. सुरुवातीला ती सगळं चुकीचं सांगत होती. तिसऱ्या फेरीला तिने उजवं शोल्डर-इन होत असताना एकदम म्हटलं, "ताई, उजवीकडे माझ्याखाली काहीतरी भरलं." तेच. उजव्या मागच्या पायाने पहिल्यांदा तिच्यासकट वजन घेतलं होतं, आणि पाठ तिकडे वर आली होती. वर्षभर ती उजवीकडच्या पोकळीत बसत होती आणि तिला ते सुख वाटत होतं.

मग चार दिवस असंच, पाचव्या दिवशी दोऱ्या काढल्या आणि मी नुसती बाजूने चालले, शब्द आणि तळवा एवढंच. सहाव्या दिवशी तळवाही नाही. "सर" हा शब्द मुलीने आता स्वतःच्या पोटरीच्या दाबाबरोबर म्हणायला सुरुवात केली आहे. काही दिवसांनी शब्द गळून पडेल, नाही पडला तरी माझी हरकत नाही.

डिसेंबरच्या मध्याला, दहाव्या आठवड्याच्या शेवटी, जे आहे ते असं. चालीत उजवा मागचा पाय एका बोटाच्या आत येतो, ताजी असेल तेव्हा. वीस मिनिटांनंतर दोन बोटं. दुडकीत अजून मोजलेलं नाही, पण मागून बघून सांगते, बाहेर जातो. उजव्या कॅन्टरमध्ये (दुडकीपेक्षा वेगाच्या चालीत) पुठ्ठा आत येतोच येतो, आणि मुलीला मी तो कॅन्टर फेब्रुवारीपर्यंत बंद केला आहे. ती नाराज आहे. डावीकडचं वळण मात्र आता कुणाच्या तक्रारीत नाही.

काल सकाळी थंडी होती, वाळूवर दव पडून ती काळसर झाली होती. मुलीने शेवंतीला मैदानाच्या मधून सरळ चालवत नेलं आणि आणलं, मग उतरली आणि लगाम नानांच्या हातात देऊन स्वतः ठशांवर वाकली. बोटं लावून मोजत ती ओळीने पुढे गेली. मी लांबून बघत होते. मधेच एके ठिकाणी ती थबकली, दोनदा मोजलं, आणि वही मागितली.